गुरुजींच्या लॅपटॉपचा आवाज परत गेला: जुन्या मशीनवर लिनक्समध्ये आवाज कुठे अडतो ते कसं शोधायचं

सकाळी सव्वासातला फोन आला. पलीकडे गुरुजींची नात. "काका, आजोबांचा लॅपटॉप परत मुका झालाय. बाकी सगळं चालू आहे, आवाजच नाही."

बाकी सगळं चालू होतं ते तिच्यापुरतं. गुरुजींच्या दृष्टीनं मशीन बंदच पडलं होतं. चौथीपर्यंत त्यांनी मला शिकवलं, संगमेश्वर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. आता वय ऐंशीच्या पुढे आणि काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली. २०१४ च्या सुमाराचा एक जुना लॅपटॉप मी त्यांना लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम घालून दिला आहे. त्यावर ऑर्का हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चालतं, आणि ई-स्पीक एनजीचा मराठी आवाज त्यांना बातम्या, पत्रं, पोथ्या ऐकवतो. आवाज यांत्रिक आहे, पण शब्द कळतात. तो बंद झाला की मशीन सुरू आहे की झोपलंय एवढंही गुरुजींना समजत नाही. म्हणून ही दुरुस्ती मी उद्यावर टाकत नाही.

गेल्या दोन वर्षांत हा आवाज चारदा गेला. लक्षण दर वेळी एकच, कारण दर वेळी निराळं. त्यामुळे 'मागच्या खेपेला केलं तेच परत कर' असं सांगून भागत नाही. आवाज नेमका कुठे अडला ते शोधायची एक रीत बसवावी लागते. ती रीत आता नववीतल्या मुलीला फोनवरून सांगूनही जमते, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आज्ञासुद्धा मी तिला सांगतो तशाच देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची. लिनक्सला लहान आणि मोठ्या अक्षरांतला फरक कळतो, तेवढं लक्षात ठेवा.

पन्हळीचं पाणी

पहिल्यांदा आवाज गेला तेव्हा गुरुजींनी विचारलं होतं, "अरे, पण आवाज बंद म्हणजे नक्की काय बंद?" त्यांचं पोफळीचं आगर आहे, म्हणून मी तेच उदाहरण घेतलं. वरच्या वहाळाचं पाणी पाटातून येतं, पाटातून पन्हळीत, पन्हळीतून एकेका आळ्यात. शेवटच्या पोफळीला पाणी मिळालं नाही, तर आपण आळं उकरत बसत नाही. पाटाच्या कडेनं चालत जातो आणि पाणी कुठपर्यंत पोचलंय ते बघतो.

लॅपटॉपमध्येही तसंच आहे. ऑर्का किंवा ब्राउझर आवाज तयार करतो आणि ध्वनी-सर्व्हरकडे देतो. नव्या लिनक्सवर तो सर्व्हर म्हणजे पाइपवायर, जुन्यावर पल्सऑडिओ. सर्व्हर तो अल्साकडे देतो. अल्सा म्हणजे कर्नलमधली (लिनक्सच्या गाभ्यातली), थेट साउंड कार्डाशी बोलणारी व्यवस्था. कार्डावरची कोडेक चिप आकड्यांचा विद्युत्-संकेत करते, तो अँप्लिफायरमधून स्पीकरला जातो. वाटेत हेडफोनच्या भोकातला एक छोटा स्विच असतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक दार आहे, आणि कुठलंही एक लागलं तरी शेवटी शांतताच.

इतके थर का, हे कळलं तर इंटरनेटवरचे सल्ले पारखता येतात. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये अल्साचं काम सुरू केलं. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून जुन्या ओएसएस पद्धतीऐवजी अल्सा हीच मुख्य व्यवस्था झाली. त्यावर पल्सऑडिओ आला. २००७ च्या फेडोरा ८ मध्ये आणि २००८ च्या उबुंटू ८.०४ मध्ये तो मूळ स्थापनेतच होता (मिंटसारखे हेही लिनक्सचेच प्रकार). २०२१ मध्ये फेडोरा ३४ नं त्याच्या जागी पाइपवायर आणला आणि लिनक्स मिंटनं २०२४ च्या २२ व्या आवृत्तीत. म्हणून २००९ सालचा सल्ला २०२४ च्या मशीनवर जसाच्या तसा चालवायचा नाही. आधी त्याची तारीख बघा. आणि कुणी 'पल्सऑडिओ काढून टाका, परत घाला' असं सांगितलं, तर कृपा करून ऐकू नका. उबुंटू कुळातल्या सिस्टिमवर त्याच्यासोबत डेस्कटॉपची इतर पॅकेजं निघून जाऊ शकतात. आवाज तर येत नाहीच, वर पडदाही जातो.

टर्मिनल उघडण्याआधी

आवाज बंद करायचं बटण बघा. त्यावर दिवा असेल तर तो लागलाय का? मिंटमध्ये खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर फुली आहे का? हेडफोनच्या भोकात काही अडकलंय का? मोडलेल्या पिनेचं टोक आत राहिलेलंही मी पाहिलं आहे.

जुन्या थिंकपॅड मॉडेलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. २००८-०९ च्या आसपासच्या मॉडेलांत आवाजाची बटणं मशीनच्या आतल्या नियंत्रकाशी थेट जोडलेली असत. पडद्यावर आवाज शंभर टक्के दिसतो आणि बटणानं तो आतून बंद केलेला असतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'कॅट /प्रॉक/असाउंड/कार्ड्स' अशी आज्ञा दिलीत की अशा मशीनवर २९ क्रमांकाचं 'थिंकपॅड ईसी' नावाचं एक जास्तीचं कार्ड दिसतं. ते दिसलं तर सरळ आवाज वाढवायचं बटण दाबा आणि मगच पुढे जा.

मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि विंडोज वापरून लिनक्समध्ये आल्यावर आवाज जात असेल, तर कोडेक चिप अर्धवट अवस्थेत राहिलेली असू शकते. मशीन पूर्ण बंद करा, अडॅप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग सुरू करा. विंडोजला पूर्ण बंद होऊ न देणारी 'फास्ट स्टार्टअप' ही सोयही बंद करून टाका. काही वेळा हा त्रास तिच्यामुळेही होतो.

कार्ड दिसतंय का?

आता टर्मिनल. पहिली आज्ञा 'एप्ले', मग जागा, मग हायफन आणि एल. एप्लेचं स्पेलिंग ए, पी, एल, ए, वाय. गुरुजींच्या मशीनवर याचं उत्तर दोन कार्डांत येतं. कार्ड शून्य: एचडीए इंटेल एचडीएमआय. कार्ड एक: एचडीए इंटेल पीसीएच. हे वाचून पुष्कळ लोक घाबरतात, पण चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये रचनाच तशी आहे. टीव्हीकडे जाणारा आवाज एका नियंत्रकातून जातो, लॅपटॉपच्या स्पीकरचा दुसऱ्यातून. आपलं काम पीसीएच या कार्डाशी. त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवा, पुढे तो लागतोच.

एकही कार्ड दिसलं नाही तर पाण्याला पुढची पन्हळच नाही. 'एलएसपीसीआय', जागा, हायफन के असं टाइप करा आणि ऑडिओच्या नोंदीखाली कुठला ड्रायव्हर लिहिलाय ते बघा. २००५ नंतरच्या बहुतेक इंटेल आणि एएमडी लॅपटॉपवर तिथे 'एसएनडी_एचडीए_इंटेल' असायला हवं. ही ओळ नसेल आणि सिस्टिम अपडेट केल्यानंतरच आवाज गेला असेल, तर सुरू होताना ग्रब मेनूतल्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडून बघा. त्यावर आवाज आला तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये नाही. पुढचा अपडेट येईपर्यंत त्याच कर्नलवर राहा.

अॅटम प्रोसेसरचे, ३२ जीबी साठवणीचे छोटे लॅपटॉप मात्र या चौकटीत बसत नाहीत. त्यांत आवाजाची चिप वेगळ्या पद्धतीनं जोडलेली असते आणि तिला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चढवायचं छोटं सॉफ्टवेअर, लागतं. डेबियनवर ते 'फर्मवेअर-इंटेल-साउंड' या पॅकेजात आहे. 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' हे पॅकेजही आहे ना ते बघा. हे दोन्ही नसतील तर वरच्या थरात कितीही खटपट केलीत तरी स्पीकर बोलणार नाही.

अल्सामिक्सर: इथे घाई नको

कार्ड दिसलं की 'अल्सामिक्सर' ही आज्ञा. काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या येतात. पहिल्यांदा बहुधा एकच पट्टी दिसते, कारण ती सर्व्हरची असते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि 'आवाज तर पूर्ण आहे' म्हणतात. एफ-सिक्स दाबा आणि यादीतून पीसीएच कार्ड निवडा. मग खऱ्या चाव्या दिसतात: मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम, माइकच्या दोन-तीन आणि शेवटी ऑटो-म्यूट.

प्रत्येक पट्टीच्या पायाशी एक छोटा चौकोन असतो. त्यात दोन शून्यं असतील तर दार उघडं. एमएम असेल तर बंद. डाव्या-उजव्या बाणांनी पट्टीवर जायचं आणि एम हे बटण दाबायचं की एमएमची शून्यं होतात. वरच्या बाणानं पट्टी भरते. मास्टर, स्पीकर आणि पीसीएम ही तिन्ही उघडी आणि भरलेली हवीत. एखादं पीसीएम शून्यावर राहिलं तरी बाकी सगळं व्यर्थ. २००४ च्या आधीचा, एसी-९७ चिपचा लॅपटॉप असेल तर तिथे 'एक्स्टर्नल अॅम्प्लिफायर' नावाचा एक स्विच दिसेल. तो एकदा उलटा करून बघा. काही मशीनवर त्याचा अर्थच उलटा असतो.

मग एस्केप दाबून बाहेर या आणि तपासा: 'स्पीकर-टेस्ट', जागा, हायफन सी २, जागा, हायफन टी वेव्ह. स्पेलिंग डब्ल्यू, ए, व्ही. एक बाई इंग्रजीत 'फ्रंट लेफ्ट', 'फ्रंट राइट' असं आळीपाळीनं म्हणते. थांबवायला कंट्रोल आणि सी. सर्व्हर बाजूला ठेवून थेट कार्डाकडे आवाज पाठवायचा असेल, तर त्याच आज्ञेला हायफन, कॅपिटल डी, जागा आणि 'प्लगएचडब्ल्यू:१,०' जोडा. यातला पहिला आकडा आपल्या कार्डाचा, वहीत लिहिलेला. या एका चाचणीनं अर्धा शोध संपतो. थेट पाठवल्यावर बाई बोलली आणि एरवी गप्प राहिली, तर कार्ड, चिप, स्पीकर सगळं धडधाकट आहे आणि दोष वर सर्व्हरमध्ये आहे. थेट पाठवूनही शांतता असेल तर दोष खाली आहे.

परवाची सकाळ

त्या दिवशी नातीनं हे सगळं केलं. दोन कार्डं दिसली. अल्सामिक्सरमध्ये स्पीकरखाली एमएम होतं. तिनं एम दाबलं. "काका, शून्यं आली, हिरवी." स्पीकर-टेस्ट थेट कार्डाकडे लावली. फोन मी कानाला घट्ट धरून बसलो होतो. पागोळ्यांचा आवाज येत होता, मागे कोंबडा आरवत होता, बाई मात्र गप्प.

दार उघडलेलं दिसतं आणि पाणी येत नाही, तेव्हा मी ऑटो-म्यूटकडे बघतो. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद व्हावा म्हणून ही सोय. भोकाच्या आत पत्र्याची एक बारीक पट्टी असते. पिन आत गेली की ती हलते आणि चिपला कळतं की हेडफोन लागला. ही पट्टी वाकली, अडकली किंवा तिच्यावर गंज चढला की चिपला वाटतं हेडफोन कायमचाच लावलेला आहे. मग स्पीकर आतून बंद राहतो आणि मिक्सरमध्ये शून्यं दिसत राहतात.

खात्री करायला तिला 'एमिक्सर', जागा, हायफन सी १, जागा, 'कंटेंट्स' ही आज्ञा सांगितली. भलीमोठी यादी येते. "त्यात हेडफोन जॅक असं कुठे आहे ते बघ, आणि त्याच्याखालच्या दोन ओळी वाच." ती शोधत राहिली. मग म्हणाली, "व्हॅल्यूज बरोबर ऑन." "आणि भोकात काही आहे का?" "काहीच नाही काका. रिकामंच आहे."

तिथेच सापडलं. जुलै महिना, कोकणातलं घर, लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर. भिंतींना ओल येते, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, मग त्या नखाएवढ्या पत्र्यावर काही चढलं तर नवल नाही.

ताबडतोबीचा उपाय अल्सामिक्सरमध्येच आहे. ऑटो-म्यूटवर जाऊन खालचा बाण दाबला की 'एनेबल्ड'चं 'डिसेबल्ड' होतं. तिनं केलं, परत चाचणी लावली, आणि 'फ्रंट लेफ्ट' एवढ्या मोठ्यानं आलं की गुरुजी आतल्या खोलीतून म्हणाले, "आला गं!"

पण हे इथे संपत नाही. रीस्टार्ट केल्यावर आवाज परत गेला. कारण ऑटो-म्यूट सोडून पाइपवायरही तोच जॅक बघतो. त्याला हेडफोन लावलेला दिसला की तो आवाज हेडफोनच्या पोर्टकडे वळवतो आणि स्पीकर बंद करतो. म्हणून 'पीएव्हीयू-कंट्रोल' (टाइप करताना मधला हायफन नको) हे छोटं सॉफ्टवेअर घालून ठेवा. पाइपवायरवरही ते चालतं. त्यात 'आउटपुट डिव्हाइसेस'मध्ये पोर्टची यादी असते. तिथे हेडफोनच्या जागी स्पीकर निवडा, तो उपलब्ध नाही असं लिहिलेलं असलं तरीही.

कायमचा इलाज दोन प्रकारांनी होतो. पहिला, जॅक साफ करणं. मशीन बंद, बॅटरी बाहेर. हेडफोनची चांगली पिन वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा. बऱ्याच वेळा घर्षणानंच गंज सुटतो. नाही सुटला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब पिनेला लावून तेच करा आणि तासभर वाळू द्या. कुणी मशीनचं तेल किंवा खोबरेल सोडायला सांगेल. सोडू नका, त्यावर धूळ बसून पट्टी कायमची चिकटते.

दुसरा, चिपलाच सांगून टाकायचं की हेडफोनचं भोक अस्तित्वातच नाही. 'अल्सा-टूल्स-गुई' या पॅकेजात 'एचडीए-जॅक-रीटास्क' (हेही हायफनशिवाय, सलग) नावाचं साधन आहे. त्यात कोडेक निवडायचा, हेडफोनच्या पिनेसमोर 'ओव्हरराइड'ला खूण करून 'नॉट कनेक्टेड' निवडायचं आणि 'इन्स्टॉल बूट ओव्हरराइड' दाबायचं. रीस्टार्टनंतर जॅकची सूचना येणंच थांबतं, मग ऑटो-म्यूटही नाही आणि पाइपवायरची गफलतही नाही. गुरुजी हेडफोन वापरत नाहीत, म्हणून पिन घासून उपयोग झाला नाही तेव्हा आम्ही हेच केलं. ज्यांना हेडफोन हवाय त्यांनी यूएसबीचा घ्यावा. त्याचं साउंड कार्ड वेगळंच असतं आणि साधारणपणे लावल्या लावल्या चालतं.

जॅक दोषी की स्पीकर, अशी शंका उरली तर पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सवरून मशीन सुरू करून बघा. तिथे तुमची कुठलीच जुनी सेटिंग नसतात. तिथे आवाज आला तर हार्डवेअर ठीक. तिथेही नाही आला आणि हेडफोनमधून मात्र येतोय, तर जॅक किंवा स्पीकर.

टीव्हीला जोडलं आणि आवाज गेला

गेल्या वर्षी गणपतीत मुंबईहून आलेल्या पुतण्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडून घरच्या जुन्या आरत्यांचं रेकॉर्डिंग लावलं. टीव्हीतून आवाज येईना, म्हणून त्यानं पीएव्हीयू-कंट्रोलच्या 'कॉन्फिगरेशन'मध्ये स्पीकरचं कार्ड 'ऑफ' केलं. मग टीव्हीतून आवाज आला, सगळे खूश. विसर्जनानंतर तो परत गेला, टीव्हीची वायर निघाली, आणि लॅपटॉप मुका. यंत्रणा अशी निवड लक्षात ठेवते. एचडीएमआयची वाट संपली, स्पीकरची बंद, आवाज पाठवायला जागाच उरली नाही.

अशा वेळी सेटिंगमध्ये बऱ्याचदा 'डमी आउटपुट' असं दिसतं. ते दिसलं की पहिला प्रश्न: एप्लेच्या यादीत कार्ड आहे का? नसेल तर कर्नलचा प्रश्न, वर लिहिलाच आहे. असेल, तर सर्व्हर ते वापरत नाहीये. 'कॉन्फिगरेशन'मध्ये कार्डाच्या प्रोफाइलला 'अॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स' करा. तरीही जमलं नाही तर दुसरंच एखादं सॉफ्टवेअर कार्ड अडवून बसलंय का ते 'सुडो फ्यूजर', जागा, हायफन व्ही, जागा, '/डेव्ह/एसएनडी/*' या आज्ञेनं कळतं (सुडो म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या अधिकारानं चालवणं). मिडी संगीतासाठी घातलेलं टिमिडिटी असं कार्ड धरून ठेवतं हे बऱ्याच जणांनी अनुभवलेलं आहे. त्याची मागे चालत राहणारी (डेमन) सेवा बंद केली की डमी आउटपुट जातं.

सर्व्हरला नुसती जाग आणायची असेल तर: 'सिस्टमसीटीएल', जागा, दोन हायफन आणि यूजर, जागा, 'रीस्टार्ट', आणि पुढे पाइपवायर, पाइपवायर-पल्स, वायरप्लंबर ही तीन नावं मध्ये जागा सोडून. वायरप्लंबर म्हणजे पाइपवायरचा आवाज कुठे पाठवायचा ते ठरवणारा त्याचा जोडीदार. इथे सुडो लावायचं नाही, हे सर्व्हर वापरकर्त्याच्या नावानं चालतात. साठवलेल्या चुकीच्या निवडी पुसायच्या असतील तर होम फोल्डरातल्या '.लोकल/स्टेट' मधल्या 'वायरप्लंबर' फोल्डरचं नाव बदला आणि लॉगआउट करून परत या. पल्सऑडिओवर हेच '.कॉन्फिग'मधल्या 'पल्स' फोल्डरचं. थेट खोडू नका, नाव बदलून ठेवा, म्हणजे मागे फिरता येतं.

थेट अल्सा वापरणारं एखादं सॉफ्टवेअर कार्ड शून्यकडे, म्हणजे एचडीएमआयकडे जात असेल, तर कार्डांचा क्रम उलटवता येतो. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये स्वतःची एक फाइल करा, नावाच्या शेवटी '.कॉन्फ', आणि एक ओळ लिहा: 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल इंडेक्स=१,०'. रीस्टार्टनंतर पीसीएच शून्यावर येतं. वहीतला क्रमांक बदलायला विसरू नका.

पहिलं अक्षर गिळतोय

ही तक्रार सगळ्यात नाजूक होती, आणि ती गुरुजींशिवाय कुणाच्या लक्षात आली नसती. मिंट २२ वर आल्यावर ते म्हणाले, "आवाज येतो, पण हा बोलणारा पहिलं अक्षर गिळतो." मला वाटलं त्यांना तसं वाटत असेल. मग त्यांनी सांगितलं की एका पत्रातल्या ओळीच्या सुरुवातीचं 'अपात्र' त्यांना 'पात्र' असं ऐकू आलं, आणि दोन दिवस ते समाधानात होते. मराठीत एका 'अ'वर सगळा अर्थ फिरतो. डोळस माणसाला गाण्याची सुरुवात पावशेकंद कापली गेली तरी चालतं, ऐकून वाचणाऱ्याला चालत नाही.

कारण वीजबचत. थोडा वेळ आवाज नसला की कार्ड झोपतं आणि परत जागं व्हायला क्षणभर लागतो. त्या क्षणातलं अक्षर जातं. काही मशीनवर त्याच वेळी 'टक' असा आवाजही येतो. हे दोन ठिकाणी तपासावं लागतं.

एक, ड्रायव्हर. 'कॅट /सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह' ही आज्ञा जो आकडा देते तितक्या सेकंदांच्या शांततेनंतर कार्ड झोपतं. शून्य म्हणजे कधीच नाही. आमच्याकडे १ होता. मघाच्या मॉडप्रोबच्या फाइलमध्ये 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०' ही ओळ घातली. टीएलपी हे बॅटरी वाचवणारं सॉफ्टवेअर असेल तर तेही हा आकडा बदलतं. त्याच्या सेटिंगमधली 'साउंड_पॉवर_सेव्ह_ऑन'नं (मोठ्या अक्षरांत) सुरू होणारी मूल्यं शून्य करा.

दोन, वायरप्लंबर. तोही पाच सेकंद शांतता झाली की आउटपुट बंद करतो. 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स' हे मूल्य शून्य केलं की थांबतं. इथे आवृत्ती बघणं भाग आहे. ०.५ च्या आधीच्या वायरप्लंबरची सेटिंग लुआ भाषेत लिहिलेली असतात, त्यानंतरची साध्या कॉन्फ फाइलमध्ये. मिंट २२ वर जुनी, लुआची पद्धत आहे. नव्या पद्धतीची फाइल तिथे टाकली तर काहीच होत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. माझा एक अख्खा रविवार त्यात गेला.

दोन्ही केल्यावर बॅटरी किंचित लवकर उतरते. गुरुजींचं मशीन दिवसभर अडॅप्टरवरच असतं.

दुरुस्ती टिकवणं

अल्सामिक्सरमध्ये केलेले बदल बंद करताना आपोआप साठवले जायला हवेत. पण वीज गेली आणि जुनी बॅटरी दमली की मशीन तसंच विझतं आणि बदल राहून जातात. म्हणून आवाज नीट आल्यावर लगेच 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' ही आज्ञा द्या. सगळ्या पट्ट्यांची स्थिती '/व्हार/लिब/अल्सा' मधल्या फाइलमध्ये लिहिली जाते. मॉडप्रोबची फाइल बदलली असेल तर 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' करून मगच रीस्टार्ट.

एवढं करूनही अडलात आणि कुणाची मदत मागायची वेळ आली, तर 'आवाज येत नाही' एवढंच लिहू नका. मशीनचं मॉडेल, सिस्टिमची आवृत्ती, एप्लेचं पूर्ण उत्तर, कोडेकचं नाव, आणि थेट कार्डाकडे पाठवलेल्या स्पीकर-टेस्टचं काय झालं ते द्या. कोडेकचं नाव '/प्रॉक/असाउंड/कार्ड१' मधल्या 'कोडेक#०' या फाइलच्या पहिल्या ओळीत सापडतं, उदाहरणार्थ रिअलटेक एएलसी२६९. काही वेळा नेमक्या त्याच चिपसाठी ड्रायव्हरला एखादा 'मॉडेल' पर्याय द्यावा लागतो, आणि तो त्या नावावरूनच ठरतो.

गुरुजींकडे लॅपटॉपशेजारी एक दोनशे पानी वही आहे. नातीनं त्यात आज्ञा लिहिल्यात, प्रत्येकीखाली 'असं आलं तर ठीक' आणि 'असं आलं तर काकांना फोन'. परवाच्या तारखेखाली तिनं लिहिलंय: भोक रिकामं असून ऑन दाखवतं, पावसामुळे. वही मला फोनवर वाचून दाखवताना मागे ऑर्का चालू होता, आणि गुरुजी त्याला मध्येच थांबवून तिला सांगत होते, "'पावसामुळे' नको, 'ओलीमुळे' लिही. पाऊस आत आला नव्हता."